फौजींची निळी स्कूटर आणि सायलीचं घर

मित्रांनो, आधी माझी चाकं मोजा. एक पुढे, एक मागे, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक लहान. झाली चार. तरीही मला कुणी मोटार म्हणत नाही, कारण मी एक जुनी, निळी, गिअरची स्कूटर आहे. माझी दोन चाकं कारखान्यातून आली आणि दोन वेल्डिंगच्या दुकानातून. त्या दुकानातल्या दोन चाकांमुळेच माझं आयुष्य माझ्या बहिणींपेक्षा निराळं झालं.

माझा जन्म २००२ सालचा, वाळूजच्या एका कारखान्यातला. तेव्हा आमच्या शहराला सगळे औरंगाबाद म्हणत. आता ते छत्रपती संभाजीनगर झालं आहे. पट्ट्यावरून माझ्यासारख्या कितीतरी जणी एकीमागे एक सरकत होत्या. कुणी आम्हाला आरसा लावत होतं, कुणी हॉर्न वाजवून बघत होतं. अगदी शेवटी उभ्या असलेल्या एका कामगारानं माझ्या सीटवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, चांगलं घर मिळू दे." सासरी निघालेल्या मुलीसारखं मला वाटलं.

पण घर काही लवकर मिळालं नाही. त्या वर्षी सगळ्यांना मोटारसायकली हव्या होत्या. जालना रोडवरच्या दुकानात मी सात महिने कोपऱ्यात उभी होते. दुकानातली माणसं माझ्या सीटवर चहाचे कप ठेवत. त्या कपांची गोल गोल नक्षी माझ्या सीटवर उमटली होती.

मग एका सकाळी एक उंच, ताठ पाठीचा माणूस आत आला. एक पाऊल नेहमीसारखं वाजायचं, दुसरं खट्‌कन वाजायचं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्या जागी पुण्याहून बसवून आणलेला कृत्रिम पाय होता. त्यांनी सगळ्या मोटारसायकली ओलांडल्या आणि सरळ माझ्यापाशी आले.

दुकानदार चाचरत म्हणाला, "काका, ही तुम्हाला जमंल का? म्हणजे तोल..."

"तोल मी सांभाळतो," ते म्हणाले. "हिनं फक्त रस्ता सांभाळावा."

हेच माझे मालक, सांडू दांडगे. सोळा वर्षं फौजेत काढून नाईकाच्या हुद्द्यावरून परतलेले. पुंडलिकनगरच्या गल्लीत त्यांना सगळे 'फौजी' म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते.

त्याच दिवशी ते मला उस्मानपुऱ्यात रशीदभाईंच्या दुकानात घेऊन गेले. रशीदभाईंनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "फौजी साब, बाजू में दो चक्के लगा देता हूँ. फिर ये गिरना बोली तो भी नहीं गिरती." ठिणग्या उडाल्या, मी डोळे मिटून घेतले, आणि संध्याकाळपर्यंत मी चार चाकांची झाले.

आता एक गुपित सांगते. आमच्या जातीच्या स्कूटरी सकाळी सहजासहजी उठत नाहीत. मालक त्यांना एका कुशीवर कलतं करतो, पेट्रोल खाली उतरतं, मग किक मारली की त्या बोलू लागतात. मला कुशीवर होताच येईना! त्यामुळे मला उठवायला फौजींना सीटवर बसून उजव्या पायानं दहा-बारा किका माराव्या लागत. गल्लीतली माणसं म्हणायची, "फौजींची परेड सुरू झाली, उठा आता."

फौजी वाळूजच्या एका कंपनीत फाटकावर सुरक्षा रक्षक होते. रोज सकाळी क्रांती चौक, रेल्वे स्टेशन करत आम्ही वाळूजला जायचो. शिफ्टच्या बसगाड्या आम्हाला ओलांडून जायच्या आणि खिडकीतली ओळखीची माणसं हात करायची. त्या वेळी पुंडलिकनगरच्या पलीकडे अजून ज्वारीची वावरं होती. बघता बघता तिथे प्लॉट पडले, मग घरं आली, घरांवर मजले आले. मोठ्या चौकांत पूल झाले. मी मात्र सगळीकडे त्याच गतीनं जायची.

तुम्ही विचाराल, फौजींचा पाय लढाईत गेला का? नाही. २००१ साली सुट्टी संपवून ते पलटणीकडे परत निघाले होते. मनमाडला गाडी बदलायची होती. फलाटावर एक म्हातारी हलत्या गाडीत चढायला गेली आणि घसरली. फौजींनी तिला मागे ओढलं. म्हातारी वाचली, पण त्या झटक्यात ते स्वतः फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत गेले.

पुढे त्यांच्या कागदांवर कुणीतरी एक ओळ लिहिली: दुखापत रजेवर असताना झाली, नोकरीशी संबंध नाही. त्या एका ओळीमुळे त्यांना नोकरीची पेन्शन मिळाली, अपंगत्वाची मिळाली नाही. फौजी मानी माणूस. पायाची भरपाई मागत दारोदार फिरणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि माझ्या पुढच्या डिक्कीत, पाना आणि पुसायच्या फडक्याखाली कोंबले. मी तेरा वर्षं ती पिशवी पोटात वागवली. तिच्यात काय आहे, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

फौजी एकटेच राहत. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत आजारानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. आई-वडील कधीच गेले होते. पैठणच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे थोरले भाऊ कडूबा शेती बघत.

त्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आवडाबाई पोळ्या लाटायच्या. त्यांचे यजमान भानुदास शेजूळ विहिरीच्या कामावर दगावले होते आणि पाच वर्षांची मुलगी पदरात होती. एके दिवशी त्यांची बस चुकली. फौजी म्हणाले, "बसा, ही काय पडायची नाय." त्या बसल्या. पुढे महिनाभर त्यांची बस वरचेवर चुकू लागली, तेव्हा मला जे कळायचं ते कळलं. २००४ च्या उन्हाळ्यात दोघांनी साधेपणानं लग्न केलं. वरात माझ्यावरूनच निघाली. मागे आवडाबाई, आणि पुढे माझ्या पायदानावर हँडल धरून उभी असलेली सायली.

सायली पहिलं वर्षभर त्यांना 'फौजी'च म्हणायची. फौजींनी कधी टोकलं नाही. तिला माझी किक मारायचा भारी नाद. दोन्ही पायांनी उडी मारून ती किकवर उभी राहायची आणि किक तिला घेऊन सावकाश खाली यायची. मी कधीच सुरू व्हायची नाही. एका सकाळी मात्र काय झालं कोण जाणे, तिच्या उडीसरशी मी फुरफुरले. सायली ओरडत घरात पळाली, "अण्णा, गाडी माझ्यानं चालू झाली!" त्या दिवसापासून ते अण्णा झाले. फौजी बाहेर आले आणि बराच वेळ माझा आरसा पुसत राहिले. आरसा स्वच्छच होता.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव बदलून तुमचं लावू या का?"

फौजी म्हणाले, "राहू द्या. भानुदास शेजूळ काय वाईट करून गेला नाय. त्याचं नाव मी का म्हणून खोडू?"

किती मोठ्या मनाचं बोलले! पण त्यामुळे घर दांडग्यांचं आणि मुलगी शेजुळांची, असं कागदावर कायमचं राहिलं. त्याचा त्रास पुढे कसा झाला, ते आता सांगते.

२०१३ मध्ये आवडाबाई गेल्या. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. घरात बापलेक दोघंच उरले. फौजी पोळ्या करायला शिकले. त्यांच्या पोळीचा आकार बघून सायली म्हणायची, "अण्णा, ही कोणत्या देशाची सीमा?" असं करत करत ते दोघं पुन्हा हसायला लागले.

मग २०१६ चा दुष्काळ आला. जायकवाडी धरण तळाला गेलं. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. टँकर कोपऱ्यावर उभा राहिला की सगळी गल्ली धावायची. त्या दिवसांत माझ्या चार चाकांचा काय थाट होता म्हणून सांगू! दोन चाकांच्या गाड्यांवरून पाण्याचे कॅन घसरून पडत. मी मात्र पुढे एक, मागे दोन असे भरलेले कॅन घेऊन डौलात चालायची. गल्लीतल्या सारजाबाई म्हणायच्या, "फौजी, तुमची गाडी नाय, बैलगाडी हाय." फक्त गतिरोधकावर माझी फजिती व्हायची. बाजूची चाकं वर चढली की माझं मागचं चाक अधांतरी राहून नुसतंच गरगर फिरायचं. मग सायली मागून ढकलायची.

अशाच एका दुपारी कॅनमधलं पाणी सांडून माझा प्लग भिजला. सतरा वर्षांची सायली पाना शोधायला डिक्कीत हात घालून चाचपत होती. तिच्या हाताला ती प्लॅस्टिकची पिशवी लागली. ती तिथेच, माझ्या सावलीत बसून सगळे कागद वाचत राहिली. टँकर निघून गेला तरी तिला कळलं नाही.

संध्याकाळी फौजी कंपनीच्या बसनं कामावरून आले तेव्हा तिनं दोन कागद त्यांच्यासमोर धरले. "अण्णा, इथं लिहिलंय की तुम्ही रजेवर होतात. आन हा तुमचा रेल्वेचा वॉरंट आहे, फौजेनं दिलेला, परत जायच्या तिकिटाचा. तारीख बघा. तुमची रजा संपली व्हती तेव्हा. तुम्ही ड्युटीवर चालला व्हता."

"जाऊ दे गं. जुनं झालं ते."

"पाय जुना झाला का?" सायलीनं विचारलं.

 दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्यावर बसून दोन गल्ल्या पलीकडे अंबिका मुळे वकिलांकडे गेले. अंबिकाताई नाकावर चष्मा घेऊन सगळं वाचायच्या आणि वाचताना पेन्सिलनं टेबलावर ताल धरायच्या. वॉरंट वाचताना ताल थांबला.

"फौजी," त्या म्हणाल्या, "पलटणीकडे परत जायचा प्रवास हा नोकरीचाच भाग धरतात. अपील करू. उशीर फार झालाय, पण तुमची मुलगी हुशार आहे, तिला माझ्यासोबत काम करू द्या." मग अर्ज भरताना त्यांनी सहज विचारलं, "हिचं आडनाव शेजूळ कसं?"

फौजींनी सगळं सांगितलं. अंबिकाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग आणखी एक कागद करून ठेवा. सख्खं मूल किंवा दत्तक मूल कायद्यानं आपोआप वारस होतं. सावत्र मूल आईचं वारस असतं, सावत्र वडिलांचं नाही. दत्तक घ्यायचं हिचं वय तर उलटून गेलं. तुमचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर घर तुमच्या भावाकडे जाईल. सायली त्या घरात पाहुणी ठरेल."

"करू की," फौजी म्हणाले. "मी काय एवढ्यात मरतोय?"

मी हे खिडकीबाहेरून ऐकलं. मोठी माणसंही अवघड कामं उद्यावर ढकलतात, मित्रांनो. फौजींनी तीन वर्षं ढकललं.

सायली मात्र थांबली नाही. अकरावी-बारावीचा अभ्यास करता करता तिनं किती अर्ज लिहिले, किती पाकिटं पोस्टात टाकली! एक अर्ज परत आला, दुसऱ्याला उत्तरच आलं नाही. पलटणीतून जुन्या नोंदी मागवाव्या लागल्या. फौजींना पुन्हा तपासणीला बोलावलं तेव्हा ते सायलीला म्हणाले, "पाय परत उगवलाय का, ते बघायचं असंल त्यांना." २०१८ च्या पावसाळ्यात निकाल लागला. अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली. त्या कागदावर लिहिलं होतं की ही दुखापत सेवेमुळेच झाली. फौजींनी पैशाचा आकडा वाचलाच नाही. ती एक ओळ त्यांनी सायलीकडून तीनदा वाचून घेतली.

सगळ्या गल्लीत पेढे वाटले गेले. आणि मला काय मिळालं? मला सवत मिळाली. फौजींनी बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी नवी स्कूटर घेतली. तिलाही बाजूला दोन चाकं होती, पण दुकानातूनच आलेली, चकचकीत. मी अंगणातल्या शेवग्याखाली गेले. माझ्यावर शेवग्याचा पाला पडे. माझ्या टायरांतली हवा गेली. एका मांजरीनं माझ्या पायदानावर तीन पिल्लं घातली. मला राग आला नाही, पण सकाळी नव्या गाडीचं बटण दाबल्याचा आवाज आला की वाईट वाटायचं.

२०१९ चा उन्हाळा पुन्हा कोरडा आला. गावाकडे कडूबांच्या विहिरीनं तळ गाठला आणि मोसंबीची बाग वाळली. जनावरं चारा छावणीत गेली. त्यांचा मुलगा गोकुळ जनावरांपाशी तिथंच राहिला. कडूबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, म्हणून फौजींनी त्यांना शहरात आणलं आणि एका मागोमाग एक दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं.

दीड महिना सायलीनं त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं. दिवसातून सहा वेळा. ती म्हणायची, "मोठे बाबा, वर बघा. अजून वर. आढ्याला काय लिहिलंय ते वाचा." कडूबा काळा चष्मा लावून अंगणात माझ्या शेजारी खाट टाकून बसत आणि मांजरीच्या पिल्लांशी बोलत. मला ते आवडायचे.

एके दुपारी शेजारची दगडाबाई त्यांच्याशी बोलत उभी होती. बोलता बोलता कडूबा सहज म्हणाले, "सांडूला पोटचं कुणी नाय. पुढंमागं हे घर गोकुळचंच की. कायदाच हाय तसा, आमच्या तलाठ्यानं सांगितलं."

त्यांच्या मनात काही काळं नव्हतं. हवापाण्याविषयी बोलावं तसं ते बोलले. पण सायली तेव्हा माझ्यामागे वाकून माझ्यावरचा पाला झाडत होती. तिचा हात तिथेच थांबला. मग ती एकच जागा पुसत राहिली, पुसत राहिली.  चार दिवसांनी तिनं फौजींना सांगितलं की ती वाळूजला मुलींच्या वसतिगृहात राहायला जाईल, तिथं कंपनीत काम मिळतंय.

फौजींनी कारण विचारलं. ती सांगेना. शेवटी दगडाबाईनंच सगळं सांगितलं.

फौजी त्याच संध्याकाळी भावासमोर बसले. "दादा, उद्या माझ्यासंगं चल. मी मृत्युपत्र करतोय. घर सायलीच्या नावानं. साक्षीदार म्हणून तुझी सही पायजे."

कडूबा ताठ झाले. "सायलीच्या नावानं? माझ्या गोकुळचं काय?"

"गोकुळला तुझं शेत हाय."

"आन मीच सही करू? मला कशाला बोलावतो मग? कुणालाबी उभं कर."

"उद्या मी नसलो तर कुणी म्हणाया नको, की कडूबाला न सांगता केलं."

"म्हंजी तुला माझा भरवसा नाय," कडूबा म्हणाले आणि उठून आत गेले. सकाळी फौजी पहिल्या पाळीला गेले, तेव्हा कडूबांनी आपली पिशवी भरली. ते गावी निघाले होते.

बाहेर ऊन पेटलं होतं. ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेले. सायली दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मोठे बाबा, एवढ्या उन्हात चालत जाऊ नका. मी स्टँडवर सोडते."

नवी गाडी फौजी घेऊन गेले होते. उरले मी. सायलीनं मांजरीची पिल्लं उचलून टोपल्यात ठेवली, पंपानं हवा भरली आणि किक मारली. मी आठ महिने झोपलेली. वीस किका झाल्या, तीस झाल्या. सायलीच्या कपाळावरून घाम निथळत होता. मला वाटलं, आज या पोरीला तोंडघशी पाडायचं नाही. मी खोकले, धूर सोडला आणि सुरू झाले.

आम्ही निघालो. गारखेड्याच्या रस्त्यावर एका उंच गतिरोधकावर माझं मागचं चाक अधांतरी लटकलं आणि मी बंद पडले. सायली उतरली. कडूबाही उतरले. दोघांनी मला ढकलून एका कडुलिंबाच्या सावलीत नेलं. तिथे कडूबा धापा टाकत माझ्या सीटवर टेकले.

"पोरी," ते म्हणाले, "तुला राग आला असंल माझा."

सायली माझा प्लग काढून पुसत होती. "राग नाय आला. भ्या वाटलं."

"कशाचं?"

"मला घर नको, असं मी खोटं बोलणार नाय. मला ते पायजे. माझी आई तिथं राहिली. मी तिथं मोठी झाले. पण तुम्ही असे रागानं निघून गेलात, तर अण्णांना त्या घरात घास गोड लागायचा नाय. मग मला ते घर मिळून काय उपेग?"

कडूबांनी काळा चष्मा काढला. तो पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आमचा बाप गेला तेव्हा सांडू सुट्टीवर आला व्हता. मी म्हणलं, तू फौजेत, शेत मी बघतो, तुझा हिस्सा माझ्या नावानं सोड. त्यानं कागद वाचलासुदिक नाय. एवढंच म्हणला, दादा, सही कुठं करायची?"

सायली प्लग परत बसवू लागली.

"तवा मला एकदाबी वाटलं नाय, की त्याच्या पोराबाळांचं काय." कडूबा उठले. "प्लग बसला का तुझा? मग वळव ही गाडी."

मित्रांनो, मला वळवायला अर्धा रस्ता लागतो. दोन रिक्षावाले ओरडले, एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. पण मी वळले. माझ्या सगळ्या आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी वळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नोंदणी कार्यालयात गेलो. फौजी नव्या गाडीवर, त्यांच्यामागे अंबिकाताई. सायली आणि कडूबा माझ्यावर. आतली हकिगत मी अंबिकाताईंच्या तोंडून बाहेर ऐकली, तीच सांगते.

तिथल्या लिपिकानं विचारलं, "घर कुणाला देताय? नातं काय?"

"मुलगी," फौजी म्हणाले.

लिपिकानं दोघांची आडनावं पाहिली. "सावत्र मुलगी असं लिहावं लागेल, काका."

"लिहा. कागदाला जे लागतं ते लिहा," फौजी म्हणाले. "फक्त नाव नीट लिहा. सायली भानुदास शेजूळ. त्यात एक कानामात्रा चुकू देऊ नका."

मग साक्षीदारांची पाळी आली. अंबिकाताईंनी सही केली. लिपिकानं कागद कडूबांकडे सरकवला आणि म्हणाला, "आजोबा, आधी वाचून घ्या."

कडूबांचे डोळे आता चांगले झाले होते. त्यांना प्रत्येक अक्षर दिसत होतं. त्यांनी कागदाकडे पाहिलंच नाही. भावाकडे बघून ते म्हणाले, "सांडू, सही कुठं करायची?"

फौजींनी बोट ठेवलं. कडूबांनी एकेक अक्षर जोडत सावकाश सही केली. अंबिकाताई सांगत होत्या, त्यानंतर त्यांनीच सगळ्यांसाठी चहा मागवला.

बाहेर आल्यावर कडूबा माझ्यापाशी थांबले. "समद्यांचं झालं. मला काय?" त्यांनी चेष्टेनं विचारलं.

फौजींनी माझी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "ही घे. दूध घालायला बरी हाय. सांडणार नाय."

आठ दिवसांनी गोकुळ टेम्पो घेऊन आला आणि मी शहर सोडलं. निघताना सायली माझ्या हँडलला धरून उभी होती. मलाही रडू येत होतं, पण आमच्या जातीचं फक्त तेल गळतं.

आता मी पैठणजवळच्या त्या गावात राहते. मी त्या घरात जन्मले नाही, तिथल्या कुणी मला विकत आणलं नाही, तरी गोकुळ मला दर रविवारी धुतो. रोज सकाळी माझ्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनी लटकवून तो डेअरीवर जातो. मोसंबीची नवी रोपंही माझ्यावरूनच आली. दिवाळीत फौजी आणि सायली येतात. सायली आता अंबिकाताईंच्या कार्यालयात काम करते आणि जुन्या सैनिकांचे अडलेले कागद मार्गी लावते. फौजींची तब्येत ठणठणीत आहे, पोळ्या अजून वाकड्याच होतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाडीला दोन गोष्टी पुरतात, वेळेवर तेल आणि अधूनमधून फडकं. माणसांना त्याहून थोडं जास्त लागतं. घरातल्या ज्या माणसाला तुम्ही आपलं म्हणता, त्याच्यासाठी लागणारे कागद वेळेवर करून ठेवा, असं तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा. फौजींसारखं उद्यावर ढकलू नका म्हणावं. कागदावर कोणता शब्द लिहायचा ते कायदा ठरवतो. तोंडानं काय म्हणायचं, ते आपण ठरवतो.

परवा दिवाळीत सायली आणि कडूबा माझ्यासोबत डेअरीवर आले, तेव्हा एका नव्या माणसानं तिच्याकडे बघून कडूबांना विचारलं, "ही पोरगी कोण?"

कडूबांनी दुधाची कॅन खाली ठेवली आणि म्हणाले, "माझी पुतणी."